अकरा खडे मारूनही डाव का गेला?

प्रश्न जुळे सोलापुरातून आला आहे. विचारणारे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, शाळेपासून बुद्धिबळ खेळतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत आतेभावाने त्यांना गो शिकवला. गो म्हणजे पटावरच्या रेघांच्या छेदांवर आळीपाळीने काळे-पांढरे खडे ठेवून जास्त जागा वेढायचा खेळ. दोघं ९ × ९ च्या पटावर खेळतात. गेल्या डावात यांनी काळे खडे घेतले आणि भावाचे ११ खडे मारले. भावाने यांचे फक्त ३ मारले. तरी मोजणीत भाऊ जिंकला. सोबत संपलेल्या पटाचा फोटो आहे आणि तीन प्रश्न आहेत. जास्त मारूनही हरलो कसा? डाव संपला हे कोणी ठरवायचं? आणि भाऊ ज्यांना 'मेलेले' म्हणतो ते खडे मला तर पटावर चांगले बसलेले दिसतात, मग ते मेले कसे?

आधी हिशेब करून टाकू. फोटोत काळे २८ आणि पांढरे १९ खडे आहेत. काळ्याने वेढलेले रिकामे छेद १२, पांढऱ्याने वेढलेले २२. बेरीज ८१, म्हणजे पटावरच्या सगळ्या छेदांचा हिशेब लागला, वाद घालायला काही उरलं नाही. जपानी पद्धतीत आपले रिकामे छेद अधिक पकडलेले खडे मोजतात. तुमचे १२ अधिक ११, म्हणजे २३. भावाचे २२ अधिक ३, म्हणजे २५, आणि काळा पहिली चाल करतो म्हणून पांढऱ्याला मिळणारी साडेपाचची कोमी धरून ३०.५. डाव साडेसातने गेला. चिनी पद्धतीत पकडलेले खडे मोजतच नाहीत. पटावर उभे असलेले आपले खडे अधिक आपले रिकामे छेद, एवढंच. तुमचे ४०, त्याचे ४१, कोमी धरून ४६.५. म्हणजे साडेसहाने गेला. तुम्ही ३१ चाली केल्या आणि त्याने ३०, म्हणून दोन पद्धतींत एका गुणाचा फरक पडला. कोमी काढून टाकली तरी दोन्हीकडे तुम्ही मागेच राहता.

आता तेच आकडे पुन्हा वाचा. तुमच्या २८ खड्यांनी १२ छेद राखले, त्याच्या १९ खड्यांनी २२. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या एका ओळीत आहे. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

या खेळात दोघांना आळीपाळीने एकेक चाल मिळते, त्यामुळे खडे जवळपास सारखेच लागतात. फरक पडतो तो एकेक खडा किती काम करतो यात. घरी करून बघा: पटाच्या कोपऱ्यात तीन बाय तीनचा, म्हणजे नऊ छेदांचा मुलूख बंद करायला सहा खडे पुरतात, कारण दोन बाजूंनी पटाची कडाच कुंपण होते. तोच नऊ छेदांचा मुलूख कडेला बंद करायचा तर नऊ खडे लागतात. मध्यभागी बारा. म्हणून गो खेळणारे आधी कोपरे घेतात, मग कडा, आणि मध्यभाग शेवटी. मोठ्या १९ × १९ च्या पटावर हे लगेच जाणवतं. लहान पटावर मध्यभाग इतका जवळ असतो की पहिली चाल मध्यबिंदूवर करणंही चालून जातं, पण कोपऱ्याचा हिशेब तिथेही बदलत नाही.

खडा मारण्याचा खर्चही असाच मांडा. मध्यभागी एकट्या खड्याला चार लिबर्टी, म्हणजे शेजारचे चार मोकळे छेद असतात. कडेला तीन, कोपऱ्यात दोन. त्या सगळ्या बंद केल्या की खडा मेला, म्हणजे मध्यभागचा एक खडा उचलायला तुमच्या चार चाली जातात, आणि जपानी मोजणीत पदरात पडतात दोन गुण: एक पकडलेल्या खड्याचा, एक रिकाम्या झालेल्या जागेचा. समोरचा शहाणा असेल तर त्या चार चालींत दुसरीकडे आठ-दहा छेदांचा मुलूख आखून बसेल. तुमचा भाऊ शहाणा आहे असं फोटोवरून दिसतं.

बुद्धिबळातून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. तिथे मोहरं गेलं की ताकद कमी झाली. इथे मात्र मेलेला खडाही मालकाला काहीतरी देऊन जाऊ शकतो. कडेपासून दुसऱ्या रेषेवरचा एखादा खडा वाचणार नाही हे कळलं की मुरलेला खेळाडू तिथे मुद्दाम आणखी एक खडा जोडतो. आता मारणाऱ्याला एकाऐवजी दोन खडे उचलावे लागतात, त्यासाठी जास्त चाली घालाव्या लागतात, आणि तेवढ्यात बाहेरून लावलेली प्रत्येक चाल मारणाऱ्याला उत्तर द्यायला भाग पाडते. शेवटी मारणाऱ्याच्या हातात दोन खडे आणि चिमूटभर कोपरा राहतो, देणाऱ्याची बाहेरून सलग भिंत उभी राहते. तुमच्या फोटोत डावीकडे वरच्या बाजूला नेमकं हेच झालेलं दिसतं. तिथे तुम्ही दोन पांढरे उचललेत आणि त्यांच्याभोवती पाच पांढऱ्यांची ओळ आहे. ती ओळच पुढे त्याच्या २२ छेदांची एक बाजू झाली. ११ चा आकडा मोठा का वाटतो आणि कामाला का आला नाही, हे इथे दिसेल.

आता खालचा उजवा कोपरा. तुम्ही लिहिलंय की तिथले चार पांढरे एकेक लिबर्टी बंद करून उचलले तेव्हा डाव जिंकल्यासारखं वाटलं. त्यासाठी घातलेले तीन काळे खडे फोटोत तुमच्याच मुलखाच्या आत उभे आहेत. तुमचा सगळ्यात महागडा भाग तोच. ते चार पांढरे त्याआधीच मेलेले होते. त्यांना सुटायला वाट नव्हती, जगायला जागा नव्हती. मेलेले खडे डाव संपल्यावर दोघांच्या संमतीने फुकट उचलले जातात. तुम्ही त्यांना उचलायला तीन चाली खर्च केल्यात, म्हणजे जपानी मोजणीत आपलेच तीन छेद बुजवलेत. हे तीन तसेच ठेवले असते तर तुमचे २३ चे २६ झाले असते. आणि त्या तीन चालींना भावाने एकदाही उत्तर दिलं नाही, तेवढ्यात तो डावी कड बंद करून आला. त्या तीन चालींची किंमत तर मी धरलेलीच नाही.

मग मेला हे ओळखायचं कसं? सगळं दोन डोळ्यांवर आहे. वेढल्या गेलेल्या गटाच्या आत दोन वेगवेगळे रिकामे छेद असे हवेत की समोरच्याला त्यातल्या एकातही खडा टाकता येऊ नये. ज्या जागी खडा ठेवताच त्याला एकही लिबर्टी उरत नाही आणि काही मारलंही जात नाही, तिथे चाल करायला नियमानेच बंदी आहे. एकच डोळा असेल तर समोरचा बाहेरच्या सगळ्या लिबर्टी बंद करून शेवटचा खडा त्या डोळ्यात टाकतो आणि अख्खा गट उचलतो. दोन डोळे असतील तर शेवटचा खडा एकाच वेळी दोन ठिकाणी टाकता येत नाही, म्हणून तो गट कायमचा जिवंत.

पण पटावर दोन डोळे आयते दिसत नाहीत. दिसते ती एक मोकळी जागा, आणि तिच्यातून दोन डोळे होतील का हे डोक्यात खेळून बघावं लागतं. काही आकार पाठ करून टाका, फार कामाला येतात. आत दोन छेद असतील तर गट मेला, चाल कोणाचीही असो. एका ओळीत तीन असतील तर मधला छेद जो आधी घेईल त्याचं खरं: मालकाने घेतला तर जगला, वेढणाऱ्याने घेतला तर मेला. कोनात वाकलेले तीनही तसेच, तिथे कोनाचा छेद मोक्याचा. एका ओळीत चार असतील तर निवांत राहा. मधल्या दोनपैकी समोरच्याने एक घेतला की तुम्ही दुसरा घ्या. चौकोनी चार मात्र फसवे. दिसायला भरपूर जागा, पण मालकाने स्वतः एक खडा टाकला तरी वाकलेले तीन उरतात आणि समोरचा कोनात बसतो. म्हणून चौकोनी चार सुरुवातीपासूनच मेलेले. तुमच्या कोपऱ्यातल्या त्या पांढऱ्यांना आत जेमतेम दोन छेद होते. तुमची तिसरी चाल जाऊ द्या, पहिलीसुद्धा तिथे नको होती.

खोट्या डोळ्याचं तेवढं सांभाळा. चारी बाजूंनी आपले खडे असले म्हणजे डोळा झाला असं नाही. त्या खड्यांचे एकमेकांशी असलेले सांधे तिरके असतील आणि ते तिरके छेद समोरच्याने घेतले असतील, तर भोवतीचा एखादा तुकडा आतारीत येतो, म्हणजे त्याला एकच लिबर्टी उरते, आणि तुम्हाला स्वतःच्याच डोळ्यात खडा टाकून तो वाचवावा लागतो. नवख्यांचे मोठे मोठे गट इथेच जातात. तुमचे जे तीन खडे मेले त्यांचंही तेच झालं असावं. फोटोतल्या आकारावरून तरी तसंच वाटतं.

जिवंत आणि मेलेलं हा फरक डोळ्यात बसला की खेळायची रीतच बदलते. जिवंत गटाला आणखी टेकू देऊ नका, मेलेल्याच्या मागे लागू नका, आणि चाल नेहमी तिथे करा जिथे अजून काही ठरलेलं नाही. ही वाटणीसारखी गोष्ट आहे: दोघा भावांत शेत वाटून घेताना बांधावरच्या बाभळीवरून भांडत बसणाऱ्याच्या वाट्याला विहीर येत नाही. प्रत्येक चालीआधी स्वतःला विचारा की इथे उत्तर दिलं नाही तर माझं नक्की किती जाईल. दोन-तीन गुण जाणार असतील आणि दुसरीकडे दहाची जागा मोकळी असेल तर खुशाल सोडून जा. ज्या चालीला समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं तिला सेंते म्हणतात. तशी चाल करून पुन्हा पुढाकार आपल्याकडेच राहतो. उत्तर द्यावं न लागणारी चाल ती गोते. डाव संपत आला की आधी सेंते चाली उरकून घ्यायच्या, मग गोतेतली सगळ्यात मोठी उचलायची. एवढ्यानेसुद्धा ९ × ९ वर चार-पाच गुण सुटतात.

खड्यांची जोडणीही याच हिशेबात येते. मोकळ्या पटावर तीन खडे सरळ ओळीत असतील तर त्यांना आठ लिबर्टी मिळतात. तेच तीन कोनात चिकटून बसवले तर सात. घाबरून खड्याला खडा चिकटवणाऱ्याचे असे कोन पटभर दिसतात. तुमच्या फोटोत मी तीन मोजले.

जास्त मारणं आणि जिंकणं यांचा संबंध किती कमी आहे हे बघायचं असेल तर संगणकाचे डाव काढून बघा. अल्फागो या गो खेळणाऱ्या प्रोग्रामने मार्च २०१६ मध्ये सोलला कोरियाचा नामांकित खेळाडू ली सेडोल याला ४-१ ने हरवलं तेव्हा दुसऱ्या डावातली ३७ वी चाल गाजली. पाचव्या रेषेवर, जिथे माणूस त्या वेळी सहसा खेळला नसता, तिथे खडा ठेवला. चौथ्या डावात लीची ७८ वी चालही तितकीच गाजली, आणि तो डाव त्याने जिंकला. पण तुमच्यासाठी मी वेगळा डाव सुचवेन. मे २०१७ मध्ये चीनमधल्या वुझेनला अल्फागो आणि चीनचा अव्वल खेळाडू के जिए यांच्यात तीन डाव झाले. त्यातला पहिला अल्फागोने अर्ध्या गुणाने जिंकला. पुढे असताना ते यंत्र गुण वाढवायच्या फंदात पडत नाही, आहे तेवढं पक्कं करतं. अर्धा गुण आणि चाळीस गुण त्याला सारखेच. आपण माणसं मात्र वीस गुणांनी पुढे असताना आणखी एक गट मारायला जातो आणि डाव घालवून बसतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. डाव कोणी एकजण संपवत नाही. आता चाल करून काही मिळणार नाही असं ज्याला वाटतं तो पास म्हणतो. दोघांनी लागोपाठ पास म्हटलं की खेळ थांबतो. मग मेलेले खडे दोघांनी मिळून ठरवायचे. तुमच्यात वाद होतो तो इथेच. त्यासाठी माझा सल्ला: घरी खेळताना चिनी मोजणी वापरा. तिच्यात स्वतःच्या मुलखात खडा टाकला तरी नुकसान नाही, कारण रिकामा छेद असो की त्यावर आपला खडा, गुण एकच. त्यामुळे 'हा गट मेलाय' म्हणणाऱ्याला म्हणा, मारून दाखव. खेळ पुढे चालू ठेवायचा, काय ते पटावरच कळतं. जपानी मोजणीत असं करून दाखवताना गुण जातात, म्हणून दोघांना आकार नीट ओळखता येऊ लागेपर्यंत ती बाजूला ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या: चिनी मोजणीतही डाव चालू असताना मेलेल्यांच्या मागे चाली घालवल्या तर मोकळ्या जागा समोरचा घेणारच. पास व्हायच्या आधी दोघांच्या भिंतींमधले बेवारशी छेदही भरून टाका. चिनी मोजणीत त्यांचाही गुण असतो.

को नावाच्या नियमाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. एकमेकांचा एकच खडा आळीपाळीने मारत राहायची वेळ आली तर लगेच उलट मारता येत नाही. मध्ये दुसरीकडे एक चाल करावी लागते. ती अशी करायची की समोरच्याला उत्तर द्यावंच लागेल. सध्या एवढं पुरे.

साहित्याबद्दल. पुठ्ठ्यावर आखलेला पट फोटोत दिसला, पण रेघा फार जवळ आहेत आणि खडे एकमेकांवर चढलेत. अधिकृत पट चौरस नसतो. १९ × १९ चा जपानी पट साधारण ४५.५ बाय ४२.४ सेंटिमीटरचा असतो, खेळणाऱ्याला तिरपा दिसतो म्हणून लांबीला थोडा जास्त. खडा सुमारे २२ मिलिमीटरचा. तुम्ही रेघांत सव्वादोन-अडीच सेंटिमीटर अंतर ठेवा. खड्यांसाठी बाहेरून काही मागवायची गरज नाही. गणवेश शिवणाऱ्यांचं गाव आहे आपलं, शिलाई सामानाच्या दुकानात कोटाची मोठी काळी आणि पांढरी बटणं वजनावर मिळतात. ९ × ९ ला दोन्ही रंगांची चाळीस-चाळीस पुरतात. पूर्व भागात यंत्रमागावर टॉवेल काढणारे एक गृहस्थ माझे नेहमीचे भिडू आहेत. आम्ही अशाच बटणांवर खेळतो. मोजणी ते तेलुगूत करतात, ओकटी, रेंडु, मूडु. मी मनातल्या मनात मराठीत पडताळतो, आणि दोन्ही आकडे जुळले की वाद नाही.

भिडू नसेल तर ओजीएस नावाचा ऑनलाईन गो सर्व्हर फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतो. ९ × ९ चा डाव पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघालात तर कुर्डुवाडी येईपर्यंत दोन-तीन डाव होतील, रेंज मध्येच गेली नाही तर. कॅटागो हा खेळणारा प्रोग्रामही फुकट मिळतो, पण सध्या प्रत्येक चाल त्याला विचारू नका. तो चूक दाखवतो, कारण सांगत नाही. त्यापेक्षा जगणं-मरणं ओळखायची कोडी सोडवा, रोज पाच, खडे न हलवता, डोक्यातच.

१३ × १३ वर कधी जायचं? वर सांगितलेले आकार न अडखळता ओळखता आले आणि डावाच्या मध्यावर दोघांचे छेद अंदाजाने मोजता येऊ लागले की जा. १९ × १९ ची घाई नको. तिथे ३६१ छेद आहेत, आणि तुमच्या सवयीने तिथे पाठलाग सुरू झाला तर तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चालेल.

भाऊ तुमच्यापेक्षा थोडा वरचढ आहे, तेव्हा चुरस राहावी म्हणून आधी कोमी काढून टाका, फक्त बरोबरी टाळायला पांढऱ्याला अर्धा गुण ठेवा. तरीही तो लागोपाठ तीन डाव जिंकला तर दोन खडे घ्या. ते तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेघेच्या छेदांवर आधीच ठेवायचे आणि पहिली चाल पांढऱ्याने करायची. तुम्ही लागोपाठ तीन जिंकलात की एक खडा कमी करा. पुढच्या डावाचा फोटो पाठवाल तेव्हा सोबत चालींचे क्रमांकही लिहून पाठवा, म्हणजे कोणती चाल सोडायला हवी होती ते नेमकं दाखवता येईल.